चौसष्ट हजार पाचशे बारा नगांच्या जादा साठ्याबाबत

प्रति,
मा. महासचिव,
नवाइर विद्यापीठ,
कफ्र-अल-नवाइर.

अर्जदार : मेतवल्ली सय्यद अल-बसयूनी, कक्षपाल, सर्व्हर खोली, संगणक केंद्र, तळमजला.

विषय : नावांच्या सर्व्हरवर उघड्या फायलींची मर्यादा जादा आढळल्याबद्दल सुरू असलेल्या चौकशीतून इंजिनिअर रावया फहीम यांचे नाव येत्या गुरुवारपूर्वी वगळणेबाबत.

संदर्भ : १) जडवस्तू नोंदवही, पान ४१, अनुक्रमांक ७.
२) वार्षिक साठा-पडताळणी अहवाल, दि. ३० जून २०१९.
३) विधी विभागाचे चौकशीपत्र, दि. १४ जुलै २०१९.
४) माझे यापूर्वीचे पाच अर्ज. पाचांनाही उत्तर नाही.

महोदय,

हा सहावा अर्ज आहे. पहिल्या पाच अर्जांत मी "कृपा व्हावी" असे लिहिले होते. या अर्जात ते शब्द नाहीत. कृपा मागण्यासारखे काही उरलेले नाही, जे घडले तेवढेच लिहितो.

१. मी सन २०११ पासून सर्व्हर खोलीचा कक्षपाल आहे. खोली झाडणे, थंड हवेची दोन यंत्रे सुरू ठेवणे, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणे, आणि लिहिता येऊ लागल्यापासून त्याची नोंद ठेवणे, ही माझी कामे. केंद्रात तेव्हा कायम नोकरीवर मी एकटाच होतो, बाकी सगळे कंत्राटी. आपल्याकडील नियमाप्रमाणे सरकारी वस्तू कायम माणसाच्या ताब्यात असावी लागते. म्हणून खोलीतील सर्व चीजवस्तू माझ्या नावावर चढवण्यात आल्या. त्यात दोन खुर्च्या, एक टेबल, एक पंखा, थंड हवेची यंत्रे दोन, कपाट एक, आणि सर्व्हर एक. मला तेव्हा वाचता येत नव्हते. मी ताबापत्रकावर पितळी शिक्का उमटवला. चोपन्नाव्या वर्षी मी साक्षरता वर्गात बसलो आणि वाचायला लागल्यावर पहिल्यांदा ते ताबापत्रक वाचले, कारण माणसाने कशावर शिक्का मारला हे त्याला माहीत असावे. अनुक्रमांक ७ पुढे असे लिहिले होते : "सर्व्हर, नावे सांभाळणारा. संख्या एक. रंग काळा. उघड्या फायलींची मर्यादा एक हजार चोवीस."

हा शेवटचा आकडा तिथे कसा आला, हे मी भांडारपाल उस्ताद शुकरी यांना विचारले होते. ते मला अम्म, म्हणजे काका म्हणतात. ते म्हणाले, "वर्णनाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, अम्म मेतवल्ली. खुर्चीला चार पाय लिहितो, पंख्याला तीन पाती. या डब्याला काय लिहू? पुरवठादाराने एक छापील कागद दिला होता, त्यात हा आकडा दिसला, तो लिहिला. बरं दिसतं." एवढीच त्या आकड्याची जन्मकथा आहे. रकाना मोकळा दिसू नये म्हणून लिहिलेल्या आकड्यापायी आज एका मुलीची नोकरी जात आहे.

२. आपण तांत्रिक माणूस नाही, मीही नाही, म्हणून मला जसे समजावले गेले तसेच लिहितो. विद्यापीठातील प्रत्येक विद्यार्थ्याचे, शिक्षकाचे, परिचारिकेचे नाव या एका यंत्रात आहे. कुठल्याही इमारतीत कुणीही संगणकासमोर बसला की तो संगणक आधी या यंत्राला विचारतो, "हा आपलाच आहे का?" यंत्र हो म्हणाले तरच पुढचे दार उघडते. असे विचारणारा जो-जो येतो त्याच्यासाठी यंत्र एक खिडकी उघडते. या खिडक्यांनाही ते उघड्या फायलीच म्हणते. त्यात कागद वगैरे काही नसतो. एक हजार चोवीस झाल्या की यंत्र नवी उघडत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते "गर्दी आहे, थांबा" असेही म्हणत नाही. बाहेर उभ्या माणसाच्या पडद्यावर उमटते : "नाव किंवा संकेतशब्द चुकीचा." म्हणजे मर्यादा यंत्राची, आणि चुकीचा ठरतो माणूस. मी चाळीस वर्षे सरकारी कचेऱ्यांत काढली आहेत, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

३. सन २०१८ च्या शरद सत्रापासून यंत्र गुदमरू लागले. नव्या प्रयोगशाळा जोडल्या, वसतिगृहे जोडली, माणसे वाढली, आकडा तोच राहिला. सकाळी दहाच्या सुमारास गुदमरायचे. केंद्राचे संचालक डॉ. तलअत यांनी समिती नेमली. समितीने पहिल्या बैठकीत हवेच्या यंत्रांवर दोष ठेवला, दुसऱ्या बैठकीत तारांवर, आणि तिसऱ्या बैठकीत माझ्या चहाच्या किटलीवर. किटली खोलीबाहेर व्हरांड्यात असते. तरी तिचे छायाचित्र अहवालाला जोडले आहे. मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले, पण किटलीचे छायाचित्र काढणाऱ्या तीन पदवीधरांसमोर उभे राहताना मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

डॉ. तलअत स्वतः एकदा यंत्रासमोर बसले. त्यांनी काहीतरी लिहिले, पडद्यावर पासष्ट हजार पाचशे छत्तीस आले. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "मर्यादा भरपूर आहे. मीच मागच्या वर्षी वाढवली होती. दोष दुसरीकडे आहे." मग त्यांनी यंत्राचे काम बंद करून स्वतःच्या हाताने पुन्हा सुरू केले. त्या दिवशी यंत्र गुदमरले नाही. जाताना म्हणाले, "बघितलंत? हात लागावा लागतो." तेव्हापासून केंद्रात असे मानले जाऊ लागले की डॉक्टरसाहेबांच्या हातात काहीतरी आहे. यंत्र गुदमरले की त्यांना बोलवायचे, ते हात लावायचे, आणि बाहेर पडताना लोक त्यांच्याकडे हकिमाकडे बघावे तसे बघायचे.

४. इंजिनिअर रावया फहीम या वार्षिक करारावर आहेत. त्यांनी समितीत बसायची परवानगी मागितली, मिळाली नाही. मग त्या माझ्याकडे आल्या. "काका, तुमची नोंदवही बघू का?" इतक्या महिन्यांत ती वही कुणी मागितली नव्हती. मी रोज त्यात तारीख, वेळ, कोण आले, का आले, वीज कधी गेली, यंत्र कधी गुदमरले हे लिहितो. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते. त्या खुर्चीवर बसून दोन तास वाचत होत्या. मी तामिय्याच्या वड्याचा पाव पुढे केला तर डावा हात पुढे करून घेतला, मान वर केली नाही.

मी त्यांना म्हणालो, "मला एक दिसतंय, पण मी अडाणी माणूस."

"बोला की."

"वीज जाऊन यंत्र आपोआप उठलं, की दुसऱ्या सकाळी गुदमरतं. डॉक्टरांनी हाताने उठवलं, की वीज पुन्हा जाईपर्यंत चालतं. चौदा वेळा वीज गेली, चौदा वेळा हेच."

त्यांनी वही मिटली. "काका, समितीत तुम्हाला घ्यायला हवं होतं. आणि त्या लोकांना किटलीजवळ बसवायला हवं होतं."

मग त्यांनी जे शोधले ते असे. डॉ. तलअत यांनी वाढवलेली मर्यादा ही यंत्रावर येऊन बसणाऱ्या माणसांसाठी होती. ते स्वतः बसले, स्वतःची मर्यादा विचारली, ती भरपूर दिसली. नावे सांभाळणाऱ्या कामाची मर्यादा त्यांनी विचारलीच नाही. वैद्याने स्वतःच्या तोंडात तापमापी घालून रोगी बरा आहे असे लिहावे तसा हा प्रकार. ते जेव्हा स्वतःच्या हाताने काम सुरू करत, तेव्हा त्यांची मोठी मर्यादा त्या कामाला लागे, म्हणून ते चाले. वीज जाऊन यंत्र स्वतः उठले की ते डॉक्टरांच्या यादीकडे बघतही नाही, स्वतःच्या चिठ्ठीकडे बघते. त्या चिठ्ठीत मर्यादेचा शब्दच नव्हता, म्हणून जुना आकडा लागे. इंजिनिअर रावया यांनी पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दाखवले. डॉक्टरांच्या नावापुढे पासष्ट हजार, कामाच्या नावापुढे एक हजार चोवीस. हाताची जादू ती एवढीच.

मी म्हणालो, "आता हे डॉक्टरांना कोण सांगणार?"

त्या म्हणाल्या, "कुणी नाही. चिठ्ठीत एक ओळ लिहायची आणि गप्प बसायचं. श्रेय घ्यायचं असेल तर त्यांना घेऊ दे, मला माझ्या सकाळी परत हव्यात."

५. दिनांक ९ एप्रिल रोजी ती ओळ लिहिली गेली. त्यानंतर ब्याऐंशी दिवस, त्यात संपूर्ण परीक्षा आल्या, पाच वेळा वीज गेली, यंत्र एकदाही गुदमरले नाही. माझ्या वहीत त्या ब्याऐंशी पानांवर त्या रकान्यात आडवी रेघ आहे. एवढी सुंदर वही मी कधी लिहिली नाही.

६. दिनांक ३० जून रोजी वार्षिक साठा-पडताळणी झाली. उस्ताद शुकरी दोन सदस्यांसह आले. खुर्च्यांचे पाय मोजले, पंख्याची पाती मोजली. अनुक्रमांक ७ ला आले, तेव्हा म्हणाले, "एक हजार चोवीस दाखवा." इंजिनिअर रावया यांनी खरे ते दाखवले. पडद्यावर पासष्ट हजार पाचशे छत्तीस. उस्ताद शुकरी यांनी कागदावर वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि पेन खाली ठेवले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथे नमूद केले पाहिजे.

"अम्म मेतवल्ली, हे काय करून ठेवलंत? कमी भरलं असतं तर तुमच्याकडून भरून घेतलं असतं, विषय संपला असता. जादा भरलं की माणूस संपतो."

"जादा झालं तर चांगलंच ना?"

"अहो, कमी म्हणजे हरवलं. हरवणं माणसाला शोभतं. जादा म्हणजे कुठून तरी आणलं. कुठून आणलं ते सांगा."

"कुठूनच नाही. आकडा आहे तो."

"आकडाच तर सगळं आहे," असे म्हणून त्यांनी लिहिले : "अनुक्रमांक ७ मध्ये चौसष्ट हजार पाचशे बारा नग जादा आढळले. स्रोत अज्ञात." ताबा माझा म्हणून मी पहिला आरोपी. हात इंजिनिअर रावया यांचा म्हणून त्या दुसऱ्या.

७. यानंतर विधी विभागात जे चालले आहे, ते लिहिताना माझ्या तोंडाची चव जाते. तरी लिहितो, कारण आपल्यापर्यंत ते पोचले नसावे असे मी अजून मानतो. चौकशी अधिकाऱ्यांनी इंजिनिअर रावया यांना माझ्यासमोर विचारले :

"हे नग कुठल्या यंत्रातून काढून या यंत्रात घातले?"

"नग नाहीत साहेब. परवानगी आहे. यंत्राला सांगितलं की एवढ्यांपर्यंत उघडलं तरी चालेल."

"कुणाच्या लेखी आदेशाने सांगितलं?"

"आकडा लिहायला लेखी आदेश लागतो?"

"सरकारी यंत्रावर लागतो."

"मग एक हजार चोवीस कुणाच्या आदेशाने लिहिला होता?"

यावर अधिकाऱ्यांनी जबाबात लिहिले : "आरोपीने उद्धट वर्तन केले."

पुढे त्यांनी सर्व विद्याशाखांना पत्रे पाठवली की आपल्या यंत्रांत या वर्णनाचा साठा कमी आढळला आहे काय. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. शारीरिक शिक्षण शाखेने कळवले की आमचे चेंडू पूर्ण आहेत. कृषी शाखेने मात्र कळवले की होय, आमच्याकडे चार हजार शहाण्णव इतकी तूट आहे, आणि जादा साठ्यातून ती प्राधान्याने भरून मिळावी. महोदय, हे पत्र मी स्वतः वाचले आहे. त्यावर तीन सह्या आहेत. ते आता पुरावा क्रमांक ६ आहे, आणि त्यामुळे आमच्यावर चोरीचे कलम लावावे काय, असा विचार चालू आहे. ज्या वस्तूला वजन नाही, रंग नाही, जी कपाटात मावत नाही आणि खिशातही मावत नाही, ती कृषी शाखेतून आम्ही चोरून आणली, असे म्हणायला शिकलेली माणसे तयार झाली. मी उशिरा शिकलो, याचे मला पहिल्यांदाच समाधान वाटले.

८. चौकशी संपेपर्यंत "मुद्देमाल मूळ स्थितीत ठेवावा" असे ठरले. डॉ. तलअत यांनी दूरध्वनी केला आणि इंजिनिअर रावया यांना ती ओळ पुसायला लावली. लेखी काही नाही. यंत्र हाताने सुरू करायलाही मनाई झाली, कारण हाताने सुरू केले की आकडा वाढतो. उन्हाळ्यात विद्यापीठ रिकामे होते म्हणून निभावले. सत्र २१ सप्टेंबरला सुरू झाले. २२ पासून माझ्या वहीत रोज एकच ओळ आहे.

विषय-नोंदणी याच दिवसांत असते. तिची मुदत यंत्र पाळते, आणि यंत्र मुलांना आत घेत नाही. परिचर्या शाखेची एक मुलगी तीन सकाळी माझ्या दाराशी आली. पहाटे पाचची मायक्रोबस धरून यायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, तुमचं यंत्र म्हणतं माझं नाव चुकीचं आहे. माझ्या बापाने ठेवलंय, त्यात चूक कसली?" मी तिला काय सांगणार होतो? तुझे नाव बरोबर आहे बाळ, पण त्याला उघडायची खिडकी मुद्देमाल म्हणून जप्त आहे? मी फक्त म्हणालो, "दहाच्या आधी ये." ती म्हणाली, "दहाच्या आधी तास असतो." आणि गेली.

नोंदणी करता न आलेल्या मुलांची यादी सध्या चारशेच्या वर आहे. ती यादी करण्यासाठीही समिती आहे. समितीच्या सदस्यांना यादी उघडता येत नाही, कारण सकाळी दहानंतर यंत्र त्यांनाही ओळखत नाही.

९. माझे वय २ ऑक्टोबर रोजी साठ पूर्ण झाले. नियमाने मी निवृत्त आहे. ताबा सोपवल्याशिवाय कार्यमुक्ती नाही, आणि चौकशी चालू असताना ताबा कुणी घेत नाही, म्हणून मी रोज येतो, झाडतो, लिहितो. याबद्दल माझी तक्रार नाही. मला वाट बघायची सवय आहे.

इंजिनिअर रावया यांचे तसे नाही. त्यांचा करार ३१ ऑक्टोबरला संपतो. नूतनीकरणाची समिती येत्या गुरुवारी, २४ तारखेला बसते. ज्याच्यावर चौकशी चालू आहे त्याचे नाव त्या समितीपुढे ठेवतच नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, पण चौकशी झालेल्याचा अर्ज कुठल्याच सरकारी विद्यापीठात पुढे जात नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या मला परवा म्हणाल्या, "काका, मी चूक केली असती ना, तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. चुकीला माफी मागता येते. याची माफी कशी मागू? सॉरी, यंत्र चालू केलं?" हसल्या, पण ते हसणे मला बघवले नाही.

त्यांना कुणी तरी सल्ला दिला आहे की सगळे डॉ. तलअत यांच्यावर ढकल. त्या तयार नाहीत. डॉ. तलअत यांना कुणी सल्ला दिला आहे की सगळे तिच्यावर ढकल. ते तयार आहेत.

१०. आता आज सकाळचे. हे मी स्वतःहून कळवत आहे, जेणेकरून दुसरी समिती नेमण्याचे श्रम वाचतील.

आज रविवार, २० ऑक्टोबर. इंजिनिअर रावया यांना विधी विभागाने नऊ वाजता बोलावले होते. त्या आठ पन्नासला पोचल्या, हजेरीवर सही केली, आणि दुपारी एकपर्यंत तिथल्याच बाकावर बसून होत्या. समोर आपल्याच कार्यालयाचे लिपिक बसले होते. त्यांनीच इंजिनिअर रावया यांना दोनदा पाणी दिले.

यंत्र नऊ बावन्नला गुदमरले. दहा वाजता व्हरांड्यात साठ-सत्तर मुले उभी होती. ताबापत्रकाच्या मागच्या बाजूला कलम तीन आहे. मी ते वाचले आहे, आपण वाचले आहे की नाही ठाऊक नाही. "ताबाधारकाने वस्तू चालू स्थितीत ठेवावी. वस्तू बंद पडल्यास व अधिकारी उपलब्ध नसल्यास ताबाधारकाने उपलब्ध साधनांनी ती चालू करावी व तशी नोंद करावी." मी डॉ. तलअत यांना तीन वेळा फोन लावला. ते उपलब्ध नव्हते. उपलब्ध साधने दोन होती. एक, कपाटातील लाखबंद पाकीट, ज्यात यंत्राचा मुख्य संकेतशब्द असतो. ते माझ्याच ताब्यात आहे आणि अडचणीच्या प्रसंगी नोंद करून उघडण्यासाठीच आहे. दोन, पहिला आरोपी म्हणून मला मिळालेली चौकशीच्या कागदांची प्रत. त्यात पान ११ वर इंजिनिअर रावया यांचा जबाब आहे. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून सविस्तर उत्तर मागितले होते : कुठे बसलात, काय उघडले, काय लिहिले, त्यानंतर काय केले. त्यांनी सगळे सविस्तर सांगितले. अधिकाऱ्यांनी सगळे सविस्तर लिहून घेतले. इतकी चांगली कृती मी स्वयंपाकाच्या पुस्तकातही पाहिलेली नाही.

मला परदेशी अक्षरे येत नाहीत. मी त्यांचे आकार बघितले आणि तसेच आकार कळफलकावर शोधले. अकरा अक्षरे, काही थोरली, काही धाकटी. मग एक बरोबरची खूण, मग पाच आकडे. थोरली अक्षरे कशी काढायची हे दाराशी उभ्या एका मुलाने बाहेरूनच ओरडून सांगितले. तो आत आला नाही, मी येऊ दिले नाही, कुणाला अडकवायचे नाही म्हणून. त्यानंतर यंत्राला चिठ्ठी पुन्हा वाचायला लावणारी ओळ आणि काम पुन्हा सुरू करणारी ओळ, त्याही जबाबात आहेत. मला अठ्ठावीस मिनिटे लागली. दहा एकतीसला पहिला मुलगा आत गेला. अकराला मी जबाबात दिलेल्या रीतीने मोजले, उघड्या खिडक्या एक हजार तीनशे अकरा. बाराला दोन हजार शेहेचाळीस. व्हरांड्यात कुणी नव्हते.

म्हणजे आजचे चौसष्ट हजार पाचशे बारा जादा नग मी आणले. एकट्याने आणले. कृषी शाखेत मी कधी पाऊल ठेवलेले नाही. जे काम साठ वर्षांचा, परदेशी अक्षरे न येणारा कक्षपाल एका कागदावरून बघून करू शकतो, त्यात चोरी कुठे, स्रोत कुठला आणि आरोपी दुसरी कशाला, याचा विधी विभागाने विचार करावा. आणि विचार झाला नाही, तर आरोपी म्हणून मी आहेच. माझी बढती रोखता येणार नाही, करार रोखता येणार नाही. रोखायची तर कार्यमुक्ती आहे, ती आधीच रोखलेली आहे.

११. सबब माझे म्हणणे असे :

इंजिनिअर रावया फहीम यांचे नाव बुधवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी चौकशीतून वगळावे आणि ते गुरुवारच्या समितीपुढे जावे. दोष माझ्या नावावर एकत्र करावा, मला मान्य आहे.

जडवस्तू नोंदवहीत अनुक्रमांक ७ पुढचे शेवटचे वाक्य खोडावे. "रंग काळा" राहू द्यावे. तो खरा आहे.

कुणाला ती ओळ पुन्हा पुसायची असेल तर यावे. मी दार उघडून देईन. मात्र या वेळी दूरध्वनीवर चालणार नाही. पुसण्याचा आदेश लेखी हवा, त्यावर पुसवणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि सही हवी. तो आदेश मी खोलीच्या दारावर बाहेरून चिकटवीन, म्हणजे नाव चुकीचे ठरलेल्या मुलांना कुणाचे नाव विचारायचे ते कळेल. असा आदेश लिहिण्याचे कष्ट कुणाला पडू नयेत म्हणून मीच मजकूर तयार करून जोडला आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते.

निवृत्त होऊनही हजर असलेला,

(सही) मेतवल्ली सय्यद अल-बसयूनी
कक्षपाल, सर्व्हर खोली
दिनांक २० ऑक्टोबर २०१९, दुपारी दोन वाजता

सोबत :
१) नोंदवहीची आजची पाने, प्रत.
२) लाखबंद पाकीट, उघडलेले. लाखेचे तुकडे त्यातच आहेत.
३) विधी विभागाच्या हजेरीची प्रत, इंजिनिअर रावया यांच्या सहीसह.
४) आदेशाचा मसुदा : "विद्यार्थी आत येऊ नयेत यासाठी मर्यादा पुन्हा एक हजार चोवीस करावी, असा मी आदेश देतो." खाली नाव, हुद्दा व सही यांसाठी जागा. मी हा कागद आज केंद्रात, भांडारात आणि विधी विभागात फिरवला. सर्वांनी वाचला. जागा कोरी आहे.